सांग्रोकाठी एका सॅपरचा शोध

२००६च्या मे महिन्यात माझं पोस्टिंग केंब्रिजच्या उत्तरेला एका बरॅकमध्ये होतं. मी ब्रिटिश सैन्यात सॅपर सार्जंट होतो. सॅपर म्हणजे पूल बांधणारे, रस्ते करणारे आणि सुरुंग काढणारे शिपाई. सकाळी साडेसहाला पीटी, आठला परेड. नंतर दिवसभर लोखंडी पुलाचे भाग जोडायचे आणि संध्याकाळी तेच सुटे करून लॉरीत भरायचे. माझी बायको सुनंदा म्हणायची, "दिवसभर बांधता, संध्याकाळी मोडता आणि ह्याचा पगार मिळतो?" मिळायचा.

वडील साताऱ्याकडून मँचेस्टरला आले ते हॉस्पिटलात पोर्टर म्हणून. आमच्या घराण्यात कॉलेजची डिग्री घेतलेला पहिला माणूस मी. सिव्हिल इंजिनिअरिंग. डिग्री घेतानाचा माझा फोटो आईनं देवांच्या रांगेत लावला, गणपतीच्या डाव्या हाताला. ऑफिसर व्हायच्या मुलाखतीत मात्र मी पडलो. मग म्हटलं, पूलच बांधायचा आहे ना, हातानं बांधू. साधा शिपाई म्हणून भरती झालो. स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे आमच्या तुकडीत, मला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

ब्रिटिश सैन्यात एक चांगली पद्धत आहे. जुन्या लढाया जिथं झाल्या तिथं जवानांना घेऊन जातात. ह्याला बॅटलफील्ड स्टडी म्हणतात. प्रत्येकाला एकेक जागा वाटून देतात. त्यानं अभ्यास करून यायचा आणि त्या जागी उभं राहून बाकीच्यांना समजावून सांगायचं, इथं काय झालं, कोण चुकलं, आज आपण असतो तर काय केलं असतं. ह्या भाषणाला 'स्टँड' म्हणायचं. त्या वर्षी आमचे ओसी, म्हणजे स्क्वाड्रनचे प्रमुख, मेजर प्राइस ह्यांनी इटली निवडली. १९४३च्या नोव्हेंबरात सांग्रो नदी ओलांडताना सॅपर लोकांनी बांधलेले पूल पुरात वाहून गेले होते. ते त्यांनी परत बांधले. त्यात हिंदी फौजेचे सॅपरही होते. मेजर म्हणाले, "सार्जंट, शेवटचा स्टँड तुझा. युद्धातल्या दफनभूमीत. हिंदी सॅपर्सवर. तू ग्रॅज्युएट आहेस, नीट करशील."

निघायच्या आधीच्या रविवारी आम्ही लंडनजवळ पिनरला गेलो. तिथं सुनंदाची इंदुआत्या मुलाकडं राहायची. वय चौऱ्याहत्तर. वीस वर्षं इंग्लंडात काढूनही तिची बोली साताऱ्याचीच होती.

"जावईबापू, इटलीला निघालात म्हणं?"

"हो आत्या. शुक्रवारी."

"माझा दादा तिकडंच गेला. सॅपरच होता, तुमच्यासारखा. मी अकरा वर्षांची होते. कागद आला तवा गावात वाचणारे एकटे मास्तर. त्यांनी वाचलं, इटली. आईनं इचारलं, ते कुठल्या तालुक्यात?"

आत्याचा मुलगा चहा गाळत होता. तो म्हणाला, "मम्मी, तो कामाला जातोय. त्याला टेन्शन देऊ नको ना."

"गप रे तू. जावईबापू, एवढंच बघा. दगडू मोरे असं नाव कुठं लिहून ठेवलंय का. असंल तर असंल म्हणून सांगा. नसंल तर नसंल म्हणून सांगा. माझं मन राखायला खोटं सांगू नका."

मी पुस्तकं वाचलेला माणूस. छाती पुढं काढून म्हणालो, "आत्या, सैन्य प्रत्येकाला नावाचा दगड देतं. नाव असणारच. दगडाचा फोटो आणून तुमच्या हातात देतो."

त्या आठवड्यात मी दहा पानांचं हँडआउट तयार केलं. नकाशे, पुराची पातळी, पुलाचं वजन, सगळं. दफनभूमीचा आराखडा मिळाला. त्यात हिंदी सैनिकांचा भाग वेगळा दाखवला होता. त्यावर लाल पेननं गोल केला आणि लिहिलं, 'स्टँड ६, सॅपर मोरे ह्यांच्या कबरीजवळ, १५०० वाजता', म्हणजे दुपारी तीनला. नावांची यादीसुद्धा मागवता आली असती. मागवली नाही. गरज काय, असं वाटलं.

शुक्रवारी दुपारी आम्ही बारा जण इटलीत उतरलो. दोन मिनीबस भाड्यानं घेतल्या. पहिलीत मेजर, दुसरीत मी. माझा ड्रायव्हर कॉर्पोरल डॉबसन. डॉबसन मँचेस्टरचा, माझ्याच भागातला. सोळाव्या वर्षी शाळा सोडून भरती झालेला. आम्ही दहा वर्षं बरोबर होतो. दोन्ही गाड्यांत रेडिओ होते आणि त्यावर लढाईपेक्षा जेवणाबद्दल जास्त बोलणं व्हायचं.

"टू, धिस इज वन. उजवीकडं रोमन पूल. थांबतोय. ओव्हर."

"वन, धिस इज टू. रॉजर. तिथं खायला मिळतं का? ओव्हर."

"टू, धिस इज वन. मोठं व्हा. आउट."

तो देश काय सांगावा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला मे महिन्यातही माथ्यावर बर्फ असलेला डोंगर आणि मध्ये ऑलिव्हचे मळे, द्राक्षांचे मांडव, टेकडीच्या टोकावर बसलेली गावं. एका गावात तर मोठं चर्चच रोमन पुलावर उभं होतं. पूल सतराशे वर्षांचा, असं तिथल्या बाईनं सांगितलं. आम्ही बारा सॅपर खाली उतरलो आणि कमानीचे दगड बोटांनी चाचपून बघायला लागलो. चर्च बघायला कोणी गेलंच नाही. डॉबसन म्हणाला, "आपला पूल आपण संध्याकाळी मोडतो. ह्यांना कोणी सांगायलाच आलं नाही वाटतं, मोडा म्हणून."

त्या दिवशी मी पहिल्यांदा काडीला लावलेलं मेंढीचं मटण खाल्लं. अगदी बारीक तुकडे, निखाऱ्यावर भाजलेले, वर फक्त मीठ. एका वेळी मूठभर काड्या मातीच्या भांड्यात उभ्या करून आणतात. डॉबसननं एकेचाळीस काड्या खाल्ल्या आणि रिकाम्या काड्यांचा बशीत बेली ब्रिज, म्हणजे आमचा तो सुट्या भागांचा पूल, बांधला. मेजरनी त्याची तपासणी केली आणि म्हणाले, "डावा कठडा कच्चा आहे." तो मोडून परत बांधून घेतला.

वाइनची गंमत वेगळीच. गावच्या सहकारी कारखान्यात पेट्रोल पंपासारखी नळी होती. माणसं प्लास्टिकचे कॅन घेऊन यायची, नळी लावायची आणि लाल वाइन भरून न्यायची. आमच्या बरॅकमध्ये डिझेल असंच भरायचे. आमच्यातल्या एकानं सवयीनं कॅनवर तारीख आणि 'फ्लॅमेबल', म्हणजे आग पकडणारं, असं लिहिलं. ड्रायव्हरनी दिवसा प्यायचं नाही, हा मेजरचा हुकूम. डॉबसन संध्याकाळपर्यंत त्या कॅनकडं बघत राहायचा.

शनिवारी पाच स्टँड झाले. नदी बघितली. उन्हाळ्यात ती एवढीशी दिसते की वाटतं, उडी मारून जाऊ. पण नोव्हेंबरात डोंगरात पाऊस झाला की एका रात्रीत सहा-सात फूट चढते. ज्यानं त्यावर स्टँड दिला त्यानं पाण्यात उतरून छातीवर हात ठेवून दाखवलं, इथपर्यंत. गार पाण्यात, अंधारात, समोरून गोळीबार होत असताना पुलाचे भाग जोडणाऱ्या लोखंडी पिना हातानं बसवायच्या. आमच्यातल्या प्रत्येकानं तशा पिना बसवल्या होत्या, पण केंब्रिजला, चहाच्या सुट्ट्या घेत.

रविवारी दुपारचं जेवण एका शेतावर होतं. शेताची मालकीण असुंता, सत्तरीची बाई, बुटकी आणि आवाजानं मोठी. तिची सून तीन वर्षं लंडनमध्ये कॉफीशॉपमध्ये कामाला होती, ती इंग्रजीत सांगायची. असुंतानं आम्हाला आधी कामाला लावलं. एक लाकडी चौकट होती, तिच्यावर सतारीसारख्या तारा ताणलेल्या. त्यावर पिठाची पोळी ठेवायची आणि लाटणं दाबून फिरवायचं. खाली चौकोनी शेवया पडतात. बारा जणांत एकालाही लाटणं सरळ फिरवता येईना. मला आलं. सुनंदानं माझ्याकडून पोळ्या लाटून घेतल्या होत्या त्याचा उपयोग झाला.

"हा कुठला?" असुंतानं सुनेला विचारलं.

"इंडियन आहे म्हणतो."

असुंतानं लाटणं खाली ठेवलं. माझ्या जवळ आली, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. मग भराभर बोलायला लागली. सून सांगत गेली. लढाईच्या वेळी असुंता नऊ वर्षांची होती. गावावर गोळे पडत होते, घरचे सगळे गुहेत राहायला गेले होते. खाली नदीवर इंडियन शिपाई आले. ते पत्र्यावर रोट्या भाजायचे आणि मुलांना द्यायचे. चहाही द्यायचे, दूध घातलेला.

"तुला आवडला का?" मी विचारलं.

"थुंकले मी," असुंता म्हणाली. "पण रोटी खाल्ली."

"त्यांच्यातल्या कुणाचं नाव आठवतं?"

तिनं मान हलवली. "मिशा आठवतात. नावं आम्हाला कुठली कळणार?"

मग ती म्हणाली, "इंडियन आहेस ना? कर तो चहा."

झालं. मेजर प्राइसच्या समोर मी एका इटालियन स्वयंपाकघरात तेरा माणसांचा चहा केला. चहाची पूड आमच्या रेशनमधली, दूध तिच्या गाईचं, आलं नव्हतंच. असुंतानं दोन्ही हातांनी कप धरला. एक घोट घेतला. सगळे बघत होते. तिनं दुसरा घोट घेतला आणि सुनेला काहीतरी सांगितलं. सून हसू दाबत म्हणाली, "साठ वर्षांत काहीच सुधारणा नाही."

हसून हसून डॉबसनला ठसका लागला. असुंतानं मात्र कप रिकामा केला. नंतर चीज आणि अंड्याचे तळलेले गोळे आले, टोमॅटोच्या रश्शात बुडवलेले. दिसायला बटाटेवड्यासारखे. मी सात खाल्ले. मेजर एकसारखे घड्याळ बघत होते आणि एकसारखे पुन्हा वाढून घेत होते.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही निघालो. तीनला पाच कमी असताना दफनभूमीत पोचलो.

जागा टेकडीच्या उतारावर आहे. खाली दरी, दरीत नदी. पांढऱ्या दगडांच्या रांगा, एकसारख्या उंचीच्या, प्रत्येकाच्या पायाशी फुलं. हजारोंनी दगड आहेत. आत शिरल्यावर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. मी आराखडा उघडला आणि हिंदी सैनिकांच्या भागाकडं सरळ गेलो.

पहिली रांग बघितली. दुसरी बघितली. दगडू मोरे नव्हता.

मेजर शांतपणे म्हणाले, "सार्जंट, रांग नंबर?"

"सर, तो माझ्याकडं नाही."

मग सॅपर जे करतात तेच त्यांनी केलं. सुरुंग शोधताना आम्ही जमिनीच्या पट्ट्या पाडतो आणि प्रत्येक माणूस आपली पट्टी पायाखालून घालतो, एक फूटही सोडत नाही. मेजरनी हुकूम दिला, "पट्ट्या पाडा. सगळी जागा. चार वाजता निघायचं आहे. सुरुवात."

बारा माणसं पसरली. प्रत्येक दगड वाचायचा, पुढं जायचं. दोन रेडिओ गाडीतून काढून आणले. एक वरच्या टोकाला डॉबसनकडं, एक माझ्याकडं.

"वन, धिस इज टू. वरच्या तीन पट्ट्या झाल्या. निगेटिव्ह. ओव्हर."

"टू, धिस इज वन. रॉजर. डावीकडं सरका. ओव्हर."

"वन, धिस इज टू. डावीकडं न्यूझीलंडवाले आहेत. ओव्हर."

"तरी बघा. आउट."

मी हिंदी भाग तिसऱ्यांदा वाचला. सगळी नावं मुसलमान शिपायांची होती. पंजाबातली, सरहद्दीकडची. काही दगडांवर नावच नव्हतं. त्या दगडांपुढं मी उभा राहिलो आणि माझ्या मनात आलं, ह्यातल्या एकाचा फोटो काढावा. आत्याला वाचता येत नाही. तिला काय कळणार आहे? हे मी मनात आणलं होतं, म्हणून लिहितो. कॅमेरा खिशातून बाहेरही काढला होता. मग तिचं बोलणं आठवलं, खोटं सांगू नका. कॅमेरा परत ठेवला.

साडेतीन वाजता डॉबसन खाली आला. घामानं भिजला होता. माझ्या शेजारी गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला.

"प्रोफेसर, एक विचारू? राग नको मानूस."

"विचार."

"तुझे बाबा गेले तेव्हा मी आलो होतो. मँचेस्टरला, क्रेमेटोरियममध्ये. तू बटण दाबलंस, पडदा बंद झाला. बरोबर?"

"हो."

"तुमच्यात सगळ्यांना असंच करतात ना?"

"हो. हिंदूंमध्ये जाळतातच."

"मग त्या बिचाऱ्याला," डॉबसन म्हणाला, "कबरीत कुणी घातलं असतं?"

दहा पानांचं हँडआउट माझ्या हातात होतं. लाल गोल केलेला, कबर असं लिहिलेलं. माझ्या अख्ख्या घराण्यात एकही कबर नाही. बापाला ह्या हातानं अग्नी दिला होता. आणि मी, सिव्हिल इंजिनिअर, अर्धा तास अकरा माणसांना घेऊन एका मोऱ्याची कबर शोधत होतो.

"तू शाळा का सोडलीस रे?" मी विचारलं.

"कंटाळा आला म्हणून."

मेजरना सांगितलं. ते हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा आजही आभारी आहे. फक्त म्हणाले, "म्हणजे आपण चुकीची वस्तू शोधत होतो. स्मारक बघा."

ते आवारातच होतं. दगडी, साधं. आत येताना मी त्याच्या जवळूनच गेलो होतो, हातात आराखडा धरून. आपापल्या धर्माप्रमाणे ज्यांचं दहन झालं त्या सैनिकांसाठी, असं वर लिहिलेलं होतं आणि खाली नावं. शीख, डोगरा, गुरखा, जाट, मराठे. सॅपर लोकांच्या नावांपाशी आलो. बोट लावून वाचत गेलो, शाळेत वाचतात तसं.

मोरे दगडू. सॅपर.

डॉबसननं रेडिओचं बटण दाबलं. सगळे शंभर पावलांच्या आत होते, रेडिओची गरज नव्हती. तरी त्यानं रीतसर सांगितलं.

"ऑल स्टेशन्स, धिस इज टू. सापडला. आउट."

तीन पन्नासला मी स्टँड दिला. हँडआउट वाटलंच नाही. पाच मिनिटं बोललो. खालची नदी दाखवली. म्हटलं, हा माणूस साताऱ्याकडच्या खेड्यातून आला, पोहायला विहिरीत शिकला असेल, आणि ह्या नदीत आपल्यासारख्याच पिना बसवत होता. मग मेजरची परवानगी घेऊन पिनरला फोन लावला. रेंज फक्त स्मारकाच्या पायरीवर येत होती, म्हणून तिथंच उभा राहिलो. बाकीचे मागं होते.

"आत्या, मी इटलीतून बोलतोय. दादांचं नाव आहे."



"खरं सांगताय?"

"त्यावर हात ठेवून उभा आहे. दगड मात्र वेगळा नाही, आत्या. मी चुकलो होतो. आपल्यातल्या सगळ्यांना त्यांनी अग्नी दिला. सगळ्यांची नावं एकत्र आहेत."

"अग्नी दिला?"

"हो. आपल्या रीतीनं."

"आई तीच काळजी करायची बघा," आत्या म्हणाली. "परक्या मुलखात पोराचं कुणी काय केलं असंल." मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि लगेच, "जेवलात का?"

"भरपूर. वडे खाल्ले."

"इटलीत वडे? बरं. जावईबापू, दादाच्या शेजारी कोण आहे?"

"म्हणजे?"

"एकत्र नावं आहेत म्हणता ना. वर कोण, खाली कोण? वाचा की."

मी वाचायला लागलो. वरचं नाव, मग त्याच्या वरचं. मग दादांच्या खालचं. पवार. राणे. साळुंखे. शिंदे बाबू. शिंदे गणपत. प्रत्येक नावाला आत्या पलीकडून "हं" म्हणायची.

"हळू वाचा. पळताय कुठं?"

मी हळू वाचलं. मागं बुटांचा आवाज झाला. वळून बघितलं तर मेजर अटेन्शनमध्ये उभे होते आणि त्यांच्या मागं ओळीत बाकीचे. हुकूम कुणी दिला नव्हता. डॉबसननं रेडिओ अजून पोटाशी धरलेला होता.

सुतार. थोरात. यादव.

"एवढे जण हाईत होय," आत्या म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं, दादा तिकडं एकटाच आहे."

चार वाजले होते. मेजरनी घड्याळ बघितलं, माझ्याकडं बघून मान हलवली आणि निघायची वेळ अर्ध्या तासानं पुढं ढकलली. मी पुढची ओळ वाचायला घेतली.